गेट २ की गेट ३

२५ जुलै २०२४ च्या पहाटे मुठेचं पाणी आमच्या पार्किंगमध्ये शिरलं. सिंहगड रोडवर नदीच्या अंगाला आमची सोसायटी आहे. वीज गेली, लिफ्ट थांबली, फोनची रेंज येत-जात राहिली आणि दुपारपर्यंत एकेकाचा इन्व्हर्टर मान टाकत गेला. त्या दिवसाबद्दल सांगण्यासारखं पुष्कळ आहे, पण इथे एकच गोष्ट सांगते. अकराच्या सुमाराला जिन्यात कुणीतरी ओरडलं, "धरणाला काहीतरी झालंय, गच्चीवर पळा!" कोण ओरडलं ते आजतागायत कळलेलं नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हाचं पुणं पाहिलेली माणसं आमच्या बिल्डिंगमध्ये आहेत. असलं वाक्य कानावर पडल्यावर ती खातरजमा करत बसत नाहीत. ए विंगच्या ३०२ मधल्या आजी अंधारात जिना चढताना पडल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. धरणाला काहीही झालेलं नव्हतं.

मी २६ वर्षं एका सहकारी बँकेत काउंटरवर काढली. चेक समोर आला की रकमेच्या आधी सही बघायची, हे हाताला लागलेलं वळण. आजींना दवाखान्यात नेताना माझ्या डोक्यात एकच घोळत होतं, की इतक्या मोठ्या निरोपाखाली सही कुणाची होती?

पुढे नेटवर्क नसतानाही चालेल अशी काहीतरी सोय सोसायटीत हवी, असं ठरलं. माझा भाचा इलेक्ट्रॉनिक्सला आहे, त्याने मेशटॅस्टिक सुचवलं. तळहाताएवढा बोर्ड, त्यावर लोरा नावाचा रेडिओ, आणि फोन त्याला ब्लूटूथने जोडायचा. फोनवर लिहिलेला मेसेज बोर्ड हवेत सोडतो, दुसरा बोर्ड तो ऐकून पुढे फेकतो, तिसरा त्याच्याही पुढे. सिम लागत नाही, टॉवर लागत नाही. भारतात यासाठी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा लागतो आणि ठरलेल्या ताकदीच्या आत राहिलं तर परवान्याची गरज नसते. वेग अगदी कमी, सेकंदाला साधारण एक किलोबिट. म्हणजे फोटो नाही, आवाज नाही, फक्त अक्षरं. पण "बी विंगला पाणी प्या­यचं संपलं" एवढं कळायला अक्षरं पुरतात.

जानेवारी २०२५ मध्ये सुरुवातीचे सात बोर्ड मागवले. अँटेनाच्या वायरी, प्लॅस्टिकचे डबे आणि बॅटरीचे होल्डर तपकीर गल्लीत मिळाले. पासोड्या विठोबापासून आत शिरलं की दोन तासांत सगळी खरेदी उरकते. गच्च्यांवर तीन बोर्ड बसवले, सौर पॅनलवर चालणारे. बाकीचे चार घराघरांत. एका रविवारी भाचा सिंहगडावर गेला आणि तिथून त्याने पाठवलेलं "पोचलं का?" माझ्या स्वयंपाकघरातल्या फोनवर उमटलं. मधे एकही टॉवर नाही. तेव्हा मला फार भरून आलं होतं, हे लपवत नाही. आजींच्या मुलाला मी लगेच फोन करून सांगितलं, "आता काळजी करू नकोस."

इतक्या लवकर तसं सांगायला नको होतं.

मे महिन्यात भाचा सुट्टीला आला. त्याने आणखी एक नवा बोर्ड आणला होता. तो आमच्या ग्रुपमध्ये नव्हता, आम्ही त्याला काहीही दिलेलं नव्हतं. तो घेऊन आम्ही दोघं संध्याकाळी तळजाईच्या टेकडीवर फिरायला गेलो. बाकावर बसून त्याने बोर्ड चालू केला, भारताचा पट्टा निवडला, बाकी कशालाही हात लावला नाही. चार मिनिटांत आमच्या सोसायटीचे मेसेज त्याच्या फोनवर यायला लागले.

"ए ३०२ आजी आठ दिवस एकट्या. मुलगा बाहेरगावी. चावी वॉचमनकडे."

हा मेसेज मीच सकाळी टाकला होता. टेकडीवर फिरायला आलेल्या कुणालाही तो वाचता आला असता.

"मावशी, तुम्ही किल्ली बदललीच नाहीये," भाचा म्हणाला. मेशटॅस्टिकमध्ये नवा बोर्ड चालू केला की तो लाँगफास्ट नावाच्या चॅनलवर येतो. ते चॅनल एन्क्रिप्टेड असतं, म्हणजे किल्ली नसलेल्याला मजकूर वाचता येत नाही, पण त्याची किल्ली जगभर एकच आणि सगळ्यांना ठाऊक असलेली. सेटिंगमध्ये ती 'एक्यू' आणि पुढे दोन बरोबरच्या खुणा अशी दिसते. प्रत्यक्षात तो एकच बाइट, म्हणजे आठ शून्य-एकांचा गट, असतो आणि त्यावरून ठरलेली किल्ली तयार होते. नव्या माणसाला पहिल्या दिवसापासून शेजारच्यांशी बोलता यावं म्हणून ती तशी ठेवली आहे आणि त्या कामासाठी ती योग्यच आहे. चूक आमची होती. कुलपाचं चित्र दिसलं आणि आम्ही मानलं की दार बंद आहे.

घरी आल्यावर त्याने विचारलं, "अजून एक दाखवू का? कुणाला त्रास होणार नाही." मी हो म्हटलं. हवेत जाणाऱ्या प्रत्येक पॅकेटच्या वर एक मथळा असतो. पाकिटावर जसं 'प्रति' आणि 'प्रेषक' लिहितो तसा. कोणाकडून, कोणाला, पॅकेटचा क्रमांक कोणता, आणखी किती उड्या शिल्लक, हे सगळं त्यावर उघडं असतं. मजकूर एन्क्रिप्ट होतो, मथळा होत नाही. त्याने प्रेषकाच्या जागी माझ्या बोर्डाचा नंबर घातला आणि चॅनलवर लिहिलं, "काका, जरा गच्चीवर या."

बी विंगचे काका चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, गुडघे दुखतात. चार मजले चढून, हातात टॉर्च घेऊन ते पाचव्या मिनिटाला गच्चीवर हजर. "काय झालं ताई? तुम्ही बोलावलंत ना?"

मी बोलावलं नव्हतं, आणि त्यांच्या फोनवर तर माझंच नाव होतं. माझ्या आधीच्या मेसेजांच्या खाली, त्याच रांगेत. काकांना मी खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि सगळं खरं सांगितलं. ते रागावले नाहीत. थोडा वेळ फोनकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मग जिन्यातला तो आवाज आणि हा, दोन्ही सारखेच की."

त्या रात्री मला झोप लागली नाही. चोरून वाचण्याची भीती होतीच. बंद घर कोणतं, एकटं कोण, हे उघड्यावर पडणं वाईटच. पण त्याहून मोठी भीती खोट्या निरोपाची होती. पुराच्या दिवशी "खाली उतरा" आणि "खाली उतरू नका" यांत माणसाचा जीव असतो.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही सगळं उसवायला घेतलं.

पहिलं काम किल्लीचं. ॲपमधून २५६ बिटांची नवी किल्ली तयार केली. ती वाटायला क्यूआर कोड मिळतो. कमिटीतल्या एकाने उत्साहाने त्याचा स्क्रीनशॉट सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. त्या ग्रुपमध्ये १४० माणसं, त्यांतले कितीतरी जुने भाडेकरू आता दुसरीकडे राहणारे. ती किल्ली त्या क्षणी गेली. पुन्हा नवी केली आणि या वेळी मी स्वतः दारोदार फिरले. एका फोनवरचा क्यूआर दुसऱ्या फोनने वाचायचा, फोटो कुणी काढायचा नाही. गच्चीवरचे बोर्ड ब्लूटूथला जोडायचा पिन १२३४५६ होता, स्क्रीन नसलेल्या बोर्डांवर तो तसाच येतो. तोही बदलला. एका घरी इंटरनेटमार्गे मेसेज पाठवायची एमक्यूटीटीची सोय चालू होती, म्हणजे मुलाला बंगळुरूहून आईचा बोर्ड दिसावा. सार्वजनिक सर्व्हरचं लॉगिन सगळ्यांना एकच असतं. सोसायटी नकाशावर दिसत होती. ती सोय बंद केली, बोर्डांनी आपली जागा सांगणं बंद केलं.

नव्या किल्लीने बाहेरचा माणूस बाहेर राहिला, असं मला वाटलं. भाच्याने मान हलवली आणि वहीचं पान घेतलं. हे मी इथे जरा सविस्तर लिहिते, कारण मला स्वतःला हे समजायला दोन संध्याकाळी लागल्या.

चॅनलचा मजकूर एईएस नावाच्या पद्धतीने एन्क्रिप्ट होतो, आणि ती वापरायचे अनेक प्रकार आहेत. इथे वापरलेल्या सीटीआर प्रकारात किल्लीवरून शून्य-एकांची एक लांब माळ तयार होते आणि ती मजकुराच्या शून्य-एकांवर बेतली जाते. माळ ठाऊक नसेल तर मजकूर वाचता येत नाही. पण हवेतल्या पॅकेटमधला सातवा बिट, म्हणजे सातवा शून्य किंवा एक, कुणी उलटा केला, तर उलगडल्यावर मजकुरातलाही नेमका सातवाच बिट उलटा निघतो, बाकी सगळं जागच्या जागी. पॅकेटला कुणी हात लावला हे ओळखणारी मोहोर चॅनलच्या मेसेजवर नसते.

त्याने वहीत देवनागरी अंक लिहिले. संगणकात एकेक देवनागरी अक्षर तीन बाइटांचं. '२' या अंकाचा शेवटचा बाइट १०१०१०००. '३' या अंकाचा १०१०१००१. पहिले दोन बाइट तेच.

मी त्या दोन ओळींकडे बघत राहिले. एक बिट. मजकुरात अंक कितव्या जागी येतो हे ज्याला ठाऊक आहे, आणि आमचे निरोप तर ठरलेल्या साच्यातलेच असतात, त्याला किल्ली नसतानाही "गेट २" चं "गेट ३" करता येतं. ज्या बोर्डाने मूळ पॅकेट आधीच ऐकलं तो त्याच क्रमांकाचं दुसरं टाकून देतो. पण ज्याच्यापर्यंत मूळ पोचलंच नाही, तो बदललेलं खरं मानतो. आमचं गेट ३ नदीकडे उघडतं.

चेकवरच्या रकमेत एक शून्य वाढवलेलं मी नोकरीत दोनदा पकडलं आहे. तिथे शाई वेगळी दिसायची, कागद खरवडलेला जाणवायचा. इथे काहीच खरवडलं जात नाही.

मग आपसातल्या थेट मेसेजांकडे वळलो. २०२४ मध्ये आलेल्या २.५ आवृत्तीपासून मेशटॅस्टिकमध्ये दोन माणसांच्या थेट मेसेजला वेगळी सोय आहे. प्रत्येक बोर्डाची एक उघडी किल्ली, जी सगळ्यांना द्यायची, आणि एक गुपित किल्ली, जी बोर्डातच राहते. या मेसेजवर मोहोरही असते, त्यामुळे बिट उलटला तर मेसेज नाकारला जातो. चॅनलपेक्षा हे कितीतरी बरं. पण समोरची उघडी किल्ली खरंच त्याच माणसाची आहे का, हे आपणच पडताळायचं असतं. मी म्हटलं, सह्या जुळवायचं काम माझं. जूनच्या शेवटी एका संध्याकाळी सगळ्यांना आपापले बोर्ड घेऊन तळमजल्यावर लिफ्टपाशी बोलावलं आणि वहीत प्रत्येकाच्या उघड्या किल्लीची पहिली आठ अक्षरं उतरवायला घेतली.

चौथ्या आणि सहाव्या बोर्डाची आठही अक्षरं एकच निघाली.

आधी वाटलं मी चुकून तीच ओळ दोनदा लिहिली. पुन्हा बघितलं. मग पूर्ण किल्ली ताडून पाहिली, शेवटच्या अक्षरापर्यंत सारखी. दोन्ही बोर्ड एकाच विक्रेत्याकडून, आतलं सॉफ्टवेअर आधीच भरून आलेले. विक्रेत्याने एका बोर्डाची नक्कल दुसऱ्यावर उतरवली की किल्लीही सोबत उतरते. म्हणजे या दोघांना पाठवलेलं गुपित दोघांनाही वाचता येणार, आणि त्या खेपेतले बोर्ड ज्यांनी ज्यांनी घेतले त्या सगळ्यांनाही. हा प्रकार आमच्यापुरता नव्हता. सुरक्षेतल्या दोषांच्या जागतिक यादीत त्याच जूनमध्ये सीव्हीई-२०२५-५२४६४ या क्रमांकाने तो जाहीर झाला होता. काही बोर्डांवर किल्ली बनवताना लागणारा यादृच्छिकपणा कमी पडत होता, हेही त्यात होतं. २.६.११ आवृत्तीत दुरुस्ती आली. आता बोर्डाला प्रदेश निवडून दिल्याशिवाय किल्ली तयारच होत नाही आणि ठाऊक असलेल्या फुटक्या किल्ल्या आढळल्या तर इशारा येतो. आम्ही सातही बोर्ड पुसून नवं फर्मवेअर, म्हणजे बोर्डाच्या आतलं सॉफ्टवेअर, भरलं, नव्या किल्ल्या केल्या, पुन्हा लिफ्टपाशी जमलो, पुन्हा वही. या वेळी सात वेगळ्या.

वही तशीच ठेवली हे पुढे उपयोगी पडलं. त्याच वर्षी आणखी एक दोष जाहीर झाला. आधी रिकामी उघडी किल्ली असलेला परिचयाचा मेसेज पाठवून, मागोमाग आपली किल्ली घुसवली, तर समोरचा बोर्ड जुनी ओळख पुसून नवी मान्य करायचा. आमच्या आवृत्तीत तो आधीच दुरुस्त झालेला होता, तरी मी सगळ्यांच्या फोनवर जाऊन वहीशी किल्ल्या ताडल्या. दर महिन्याच्या एक तारखेला आता हे करतेच.

गच्चीवरच्या डब्यांचा प्रश्न वेगळा होता. गच्चीवर केबलवाला येतो, टाकी धुणारे येतात. डब्यातला बोर्ड काढून यूएसबीने जोडला तर त्यातली चॅनलची किल्ली बाहेर येऊ शकते. यावर भाच्याने शोधलेला उपाय मला फार आवडला. मेसेज पुढे फेकायला बोर्डाला तो वाचता यावा लागत नाही, न उलगडलेली पाकिटंही तो पुढे देतो. म्हणून गच्चीवरच्या तिन्ही बोर्डांना आम्ही आमची किल्ली दिलीच नाही. ते टपाल वाहतात, उघडत नाहीत. एकच पथ्य पाळावं लागलं. वारंवारितेचा कप्पा चॅनलच्या नावावरून आपोआप ठरतो, आपल्या दोन मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात लाँगफास्टसाठी असे आठच कप्पे बसतात. नाव वेगळं झालं की कप्पा वेगळा होतो आणि गच्चीला घरचं ऐकू येत नाही. तो कप्पा सगळ्या बोर्डांवर हाताने एकच ठरवला.

तरीही थेट मेसेजांत एक उणीव उरते. किल्ली कायमची तीच असल्याने, आज हवेतलं रेकॉर्ड करून ठेवणाऱ्याच्या हाती उद्या बोर्ड लागला, तर मागचंही सगळं उलगडतं. आजींची औषधं, कोणाच्या घरी ऑक्सिजनचं यंत्र आहे, कोण मूल घरी एकटं असतं, ही यादी आमच्या पाच जणांच्या गटाकडे असते. तिच्यासाठी मला याहून घट्ट काहीतरी हवं होतं.

पर्याय शोधताना एक गोष्ट आधीच मनाशी बांधली. जाहिरातीतला 'सुरक्षित' हा शब्द धरायचा नाही. हाँगकाँगच्या २०१९ च्या आंदोलनात ब्रिजफाय नावाचं ब्लूटूथ ॲप लोकांनी विश्वासाने वापरलं. २०२० मध्ये लंडनच्या रॉयल हॉलोवेच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की त्यात माणसं ओळखता येतात, दुसऱ्याचं सोंग घेता येतं, मेसेज वाचता येतात. नंतर कंपनीने सिग्नल या मेसेजिंग ॲपची एन्क्रिप्शनची पद्धत आत बसवली, तरी २०२२ मध्ये पुन्हा दोष निघाले. २०२५ च्या जुलैत ट्विटरचे सहसंस्थापक जॅक डॉर्सी यांचं बिटचॅट हे ब्लूटूथ ॲप आलं, आणि काही दिवसांतच एका संशोधकाने त्यात 'आवडता' म्हणून खूण केलेल्या माणसाचं सोंग घेऊन दाखवलं. या कामासाठी नावाजलेलं ब्रायर ॲप २०२३ च्या मे महिन्यात केंद्र सरकारने रोखलेल्या १४ ॲपमध्ये आहे, म्हणून आम्ही ते यादीतून काढलं. सोसायटीच्या नावाने काही करायचं तर कायद्याच्या आत. उपग्रहावरून मेसेज पाठवणारी ट्रेकर मंडळींची यंत्रंही आपल्याकडे परवानगीशिवाय चालत नाहीत, तेही सुटलं.

मेशकोर नावाची दुसरी पद्धत आम्ही आठवडाभर चालवून पाहिली. तेच बोर्ड, फर्मवेअर दुसरं. यात घरचे बोर्ड मेसेज पुढे फेकत नाहीत, ते काम नेमून दिलेल्या रिपीटरचंच, आणि एकदा वाट सापडली की पुढचे थेट मेसेज त्याच वाटेने जातात. हवा मोकळी राहते, निरोप झटकन पोचतो. मला ते वापरायला जास्त आवडलं. पण भाच्याने त्याचा कोड वाचला. आम्ही पाहिलं तेव्हा त्यात एईएस ईसीबी प्रकारात वापरलं होतं, ज्यात सारख्या मजकुराचे सोळा बाइटांचे तुकडे एन्क्रिप्ट होऊनही सारखेच दिसतात, आणि मोहोर फक्त दोन बाइटांची होती. दोन बाइट म्हणजे ६५,५३६ शक्यता. मोहोर आहे हे मेशटॅस्टिकच्या चॅनलपेक्षा बरं, पण ज्या यादीसाठी शोधत होतो तिच्यासाठी पुरेसं नाही.

शेवटी त्या पाच जणांसाठी रेटिक्युलम नावाची तिसरी पद्धत लावली. हे बसवायला वेळ लागला, खोटं सांगत नाही. त्याच जातीच्या बोर्डांवर आरनोड फर्मवेअर, रास्पबेरी पाय झीरो नावाचे दोन छोटे संगणक, फोनवर साइडबँड ॲप. मेशटॅस्टिकशी ते बोलत नाही, त्यामुळे बोर्ड वेगळे घ्यावे लागले. गणपतीपासून दिवाळीपर्यंतचे शनिवार त्यात गेले. दूर दूरच्या ओळखी जाहीर करणारी पॅकेटं हवेत फार गर्दी करतात, ती मर्यादित ठेवावी लागली. पण हवं ते मिळालं. पॅकेटवर प्रेषकाचा पत्ताच नसतो. दोघांत जोडणी होते तेव्हा त्या वेळेपुरत्या किल्ल्या तयार होतात आणि नंतर टाकून दिल्या जातात, म्हणजे उद्या बोर्ड चोरीला गेला तरी आजचं बोलणं उलगडत नाही. प्रत्येक मेसेजवर पाठवणाऱ्याची डिजिटल सही असते. या सगळ्याचं बाहेरच्या तज्ज्ञांकडून औपचारिक परीक्षण झालेलं नाही, असं त्याच्या स्वतःच्या माहितीपत्रकातच लिहिलं आहे. ते वाचून माझा विश्वास थोडा वाढलाच. तरी यादीतली नावं आम्ही हवेत सोडत नाही. कागदावर प्रत्येक घराला क्रमांक दिला आहे आणि मेसेजमध्ये फक्त तो क्रमांक जातो. इंटरनेट चालू असेल तेव्हा तर सरळ सिग्नल ॲप वापरतो.

आता उरला सगळ्यांना जाणारा निरोप. तो मेशटॅस्टिकच्या चॅनलवरच ठेवावा लागला, कारण चाळीस घरांना रेटिक्युलम शिकवणं शक्य नव्हतं. त्यावर सही कशी करायची?

उत्तर मला बँकेतूनच आठवलं. मी नोकरीला लागले तेव्हा पैसे तारेने जायचे, टीटी म्हणायचो. तारेत रकमेसोबत एक आकडा असायचा. गुप्त तक्त्यावरून तारीख, रक्कम, शाखा यांची बेरीज करून तो काढायचा, आणि समोरची शाखा आपल्या तक्त्यावरून तोच येतो का बघायची. जुळला नाही तर पैसे द्यायचे नाहीत. मी तसाच तक्ता केला. दिवसाचा गुप्त आकडा अधिक गेटचा नंबर. भाच्याने पाहिला आणि दोन मिनिटांत तोडला. "मावशी, गेट २ चं ३ केलं की मी तुझ्या बेरजेतही एक वाढवणार."

बरोबर होतं. मग बेरीज सोडली आणि प्रत्येक निरोपाला स्वतंत्र आकडा दिला. महिन्याचा एक कागद, दिवसाला दोन ओळी. प्रत्येक ओळीत सहा रकाने: गच्चीवर या, खाली उतरू नका, गेट १, गेट २, गेट ३, धोका टळला. रकान्यात चार अंकी आकडा, फाशांनी काढलेला. निरोपासोबत त्या ओळीतला, त्या रकान्यातला आकडा लिहायचा. ओळ एकदाच वापरायची आणि दिवस संपला की खोडायची. गेट २ चा आकडा ऐकणाऱ्याला गेट ३ चा कळत नाही. निरोप द्यायचा अधिकार फक्त मला आणि काकांना, माझा कागद पांढरा, त्यांचा पिवळा. कागदाला वीज लागत नाही आणि आजींना तो वाचता येतो.

एका गोष्टीला मात्र यातलं काहीच पुरत नाही. त्याच पट्ट्यात कुणी सतत आवाज सोडत बसला तर सगळं बंद पडतं, आणि बोलणारा बोर्ड कुठे आहे हे दिशादर्शक अँटेनाने शोधता येतं. म्हणून वॉचमनच्या केबिनबाहेर पितळी घंटा टांगली आहे. तीन ठोके म्हणजे आकडा बघा, आकडा आलाच नसेल तर आपल्या मजल्यावर थांबा, कमिटीचं माणूस दाराशी येईल.

पुढच्या वर्षीच्या मेमध्ये तालीम घेतली. भाच्याने मला न सांगता, माझ्याच नावाने चॅनलवरून काकांना पुन्हा मेसेज टाकला, "गच्चीवर या." खाली चार अंक, अंदाजाने लिहिलेले. मी काकांच्या घरीच चहा घेत होते. त्यांनी चष्मा लावला, फ्रिजवरचा पांढरा कागद काढला, बोट ओळीवरून फिरवलं आणि फोन टेबलावर उलटा ठेवला.

"आकडा चुकलाय," ते म्हणाले, आणि माझ्याकडे बिस्किटांची बशी सरकवली.

या महिन्यात सी विंगमधले दोन भाडेकरू अकरा महिन्यांचा करार संपून निघाले. दोघंही चांगली मुलं, पण चॅनलची किल्ली त्यांच्या फोनमध्ये गेली आहे. म्हणून रविवारी नवी किल्ली, नवे कागद, पुन्हा चाळीस दारं. ३०२ पासून सुरुवात करते. आजी जुना कागद देव्हाऱ्याच्या फळीखाली ठेवतात, तो परत घेऊन फाडायचा आणि नवा तिथेच सरकवायचा.